पटल्यांच्या म्हशीची मलमपट्टी

मंगळवार, ३१ ऑक्टोबर २००६

सगळ्यात आधी आली ती चष्मेवाली, तिच्यामागं खांद्याला झोळी अडकवलेला लांबोडका माणूस, आणि त्याच्यामागं आपल्या गल्लीतली सगळी कुत्री. मी ओसरीत लाखोळीची डाळ निवडून राहिली होती. रविता, आशीर्वाद वरती लिहायचा असतो एवढं मला शाळेत शिकवलं होतं, पण तू बातमी आधी घे, आशीर्वाद खाली देते.

चष्मेवाली म्हणाली, "नमस्कार आजी. पुष्पांजली सिस्टर इथंच राहतात ना? त्यांच्याबद्दल थोडं विचारायचं होतं. मी डोंगरवार. नागपूरहून आलो आम्ही. एक अभ्यास करतोय."

अभ्यास! मी मनात इतकी हसली की सुपातली डाळ हलली. पोरी, तुझ्या आत्याच्या वेळी लोक आले होते ते म्हणाले होते, बैल बघायला आलो. कुंदाबाईच्या नणंदेच्या वेळी म्हणाले, इथं विहीर खोदणारा कोणी राहतो का. पोरीची चौकशी करायला आलेला माणूस कधी सरळ सांगतो का की मी पोरीची चौकशी करायला आलो? दिवाळी झाली, गावोगावच्या मंडईच्या जत्रा सुरू झाल्या, पोट्ट्या बघायचे दिवस आले. आणि नाव काय सांगते, तर डोंगरवार. आपली पुष्पांजली कापगतेची. दोन्ही घरं कोहळी जातीची, आडनाव वेगळं. यात समजायचं काय राहिलं? बैलाच्या जागी अभ्यास, एवढाच फरक. नागपूरचे लोक शिकलेले असतात.

तू दीड वर्षात घरी आली नाहीस म्हणून पुष्पांजलीला पाहिलं नाहीस. गावच्या उपकेंद्राची सिस्टर. आपल्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहते आणि ही पत्रं सौंदडला नेऊन टपालात टाकते ती तीच. स्वभावानं तिखट. स्कूटी अशी चालवते की कोंबड्या उडून छपरावर बसतात. पण मला आजी म्हणते आणि माझ्या लोणच्याच्या बरणीत न विचारता हात घालते, म्हणजे घरचीच झाली. तिच्या बापाला तिच्या लग्नाची काळजी आहे आणि मला तिच्या बापाची.

काल ती टोलीवर, गावाबाहेरच्या वस्तीत, लेकरांना लस टोचायला गेली होती. म्हणजे सगळा कारभार माझ्या हातात. मी दोघांना खाटेवर बसवलं, आपल्या घरचे अनारसे दिले आणि म्हटलं, सिस्टरनं केले. सिस्टरला अंडं उकडता येत नाही, पण ते लग्नानंतर कळलं तरी चालतं.

चष्मेवालीनं पहिलंच विचारलं, "रात्री कोणी बोलवायला आलं तर सिस्टर जातात का?"

मी कानाला हात लावला. "राती? नाव नका घेऊ जी. दिवा लागला का दाराले कडी. बाहेर पाय टाकत नाही पोट्टी."

खरं म्हणजे दिवाळीच्या आधी उमरावची सून अडली होती तेव्हा ही भर अंधारात बांधावरून गेली, आणि सकाळी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन हसत आली, पोरगा झाला म्हणून. पण असं कोणी मुलाकडच्या माणसांना सांगतं का?

"पुरुष रुग्णांशी बोलणं कसं आहे?"

"बोलतच नाही. मान खाली घालून राह्यते."

"जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, हे करतात?"

"अवो, हात पाहा तुमी तिचे. लोण्यासारखे. असल्या कामाले लावन का कोणी तिले?"

"कामाचा ताण पडतो का?"

"काम आहे कोठी जी! बसून पगार. दुपारी मस्त झोपते, म्हणून तर रंग असा उजळ."

"आणि सिस्टर बुधवारी तपासणीची खोली उघडतात म्हणे. साखर, बीपी तपासतात. लोक येतात का तिथं?"

आता बघ, एकट्या पोरीच्या खोलीत दिवसभर माणसं येऊन राहिली, हे काय सांगायचं असतं? मी म्हटलं, "कोणी नाही येत. कावळा नाही फिरकत तिकडं."

"त्यांना इथंच राहायचंय की बदली हवी आहे?"

"लग्न झालं का दुसऱ्या दिवशी बदली! नवरा असन तिकडं. अथी काय ठेवलं आहे?"

लांबोडका सगळं लिहून घेऊन राहिला होता. मला बरं वाटलं. तुझ्या आत्याच्या वेळी कोणी काही लिहिलं नव्हतं, आणि मग लग्नात म्हणाले की आम्हाला पोरगी गोरी सांगितली होती.

तेवढ्यात कुंदाबाईनं कुंपणावरून मान काढली. तिला सगळं लगेच समजलं, ती काही माझ्यापेक्षा कमी नाही. म्हणाली, "आमाले सर्दी झाली तरी आमी सरळ गोंदियाले जातो. पोट्टीले तकलीफ नाही देत." तिथंच थांबली असती तर बरं होतं. पण तिचं तोंड एकदा उघडलं की वारा शिरतो. "दया मात्र भल्ली आहे तिले. पटल्यांच्या म्हशीलेबी पाह्यते. रोज सकाळी बॅग घेऊन यांच्या कोठ्यात जाते."

मला ठसका लागला. लांबोडक्यानं वर बघितलं. "म्हशीला?"

"म्हशीले," कुंदाबाई म्हणाली. "हिनंच सांगितलं मले."

मी विषय बदलला. तसंही आता माझी पाळी होती. मी लांबोडक्याला विचारलं, घरी शेतीचा धुरा किती, भाऊ किती, पितो का. तो बिचारा सगळ्याला उत्तर देऊन राहिला. धुरा नाही, भाऊ एक, पीत नाही. आपल्याकडं मुलीला चालून दाखवायला लावतात. मी म्हटलं, मुलानं काय पाप केलं? मी त्याला कळशी दिली आणि म्हटलं, "बापू, जरा विहिरीवरून पाणी आणा." आणलं. चाल सरळ आहे. पाणी थोडं सांडवतो.

तुझी माय धान कापणीला जाते, हातापायाला कात्रे पडले तरी थांबत नाही. तुझा बाप बरा आहे. नवी चप्पल चावली म्हणून जरा लंगडून राहिला. चहा फिका पितो, साखर महाग झाली म्हणतो. तुझं नाव घेत नाही. तू नर्सिंगला निघालीस त्या दिवशी तो ओसरीत ओरडला होता, "पटल्याची पोरगी दुनियेचे पाय धुवाले चालली," आणि ते शिकणं सोडल्याशिवाय घरात येऊ नको म्हणाला होता, ते त्यानं अजून मागं घेतलेलं नाही. पण आता शिवी देत नाही. तेवढं तरी सुधारलं.

आशीर्वाद इथं घे. मोठी हो.

तुझी आजी फुलवंता

शनिवार, ४ नोव्हेंबर

रविता, लग्न मोडलं. म्हणजे लग्न नव्हतंच. कसं सांगू तुला.

परवा पुष्पांजली आली ती दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. गळ्यातला ओळखपट्टा पण काढला नव्हता.

"आजी, तुमी त्या मॅडमले काय सांगितलं?"

"चांगलंच सांगितलं वं. तुये गुण गायले."

"गुण? मी राती जात नाही, जखमेले हात लावत नाही, दुपारी झोपते, बुधवारी कोणी येत नाही! आजी, तुमी मले चांगली पोरगी करून मारलं!"

ती चष्मेवाली खरंच अभ्यास करून राहिली, गं. नागपूरला नर्सिंगच्या कॉलेजात शिकवते. खेड्यापाड्यात सिस्टरा किती कमी आहेत, एकीच्या मागं किती गावं लागलेली आहेत, आणि डॉक्टर नसला तर एकटी सिस्टर साखर, बीपी, जुन्या जखमा सांभाळू शकते का, हे ती गावोगाव बघत फिरते. आपल्या गावची बुधवारची खोली त्यातलीच आहे. अजून नुसती करून बघायला दिलेली. चष्मेवालीनं चांगलं लिहिलं तर खोली राहणार, गोळ्याऔषधं खोलीतच मिळणार, आणि दुसऱ्या गावांतही अशा खोल्या निघणार. वाईट लिहिलं तर खोली बंद, आणि पुष्पांजलीला तालुक्याच्या दवाखान्यात पाठवणार. तिथं सिस्टरांच्या दोन जागा कधीच्या रिकाम्या पडल्या आहेत. हे तू कॉलेजात शिकत असशील, मला परवाच कळलं.

मी म्हटलं, "आणि तो लांबोडका?"

"तिलक सर? त्याइले दोन लेकरं आहेत."

अवो बाई! आणि मी त्याला पाणी भरायला पाठवलं होतं.

पुष्पांजली आत येऊन बसली. बरणी ओढली आणि नुसतं लोणचं खाऊन राहिली, भात नाही, पोळी नाही. तेव्हा मला समजलं की पोरीचं मन खरंच दुखलं आहे. राग असता तर भांडली असती. म्हणाली, "सव्वा वर्ष लागलं आजी, या लोकाइले खोलीत आणाले. आता कोठं येऊन राहिले."

मी म्हटलं, "मंग तू सांग ना मॅडमले. कोणाकोणाचं काय काय केलं ते, नाव घेऊन."

तिनं मान हलवली. "रोग्याचं रोग्यानं सांगावं. मी सांगत फिरली तर उद्या माहं दार कोण वाजवन?"

आणि कोठ्याकडं बघितलं. मीपण बघितलं. 

मला रात्रभर... नाही, झोप लागली, पण सकाळी लवकर उठली. ही गेली तर बुधवारी कोण बघणार? उमरावच्या सुनेला पुढच्या वेळी कोण? आणि म्हशीचं तर अर्ध्यावरच राहील. मी नको ते लिहून राहिली. पुढं वाच.

चष्मेवाली पुन्हा एकदा येणार आहे, पंधरा तारखेला. मी ठरवलं आहे, या वेळी सगळं सुधारून सांगायचं. पुष्पांजली म्हणाली, "आजी, तुमी काही नका सुधरवू." पण ती लहान आहे.

आजी

सोमवार, १३ नोव्हेंबर

तुझं पत्र आलं. पुष्पांजलीनं पदरात लपवून आणलं, तुझा बाप समोरच दाढी करत होता. तू लिहितेस की तू इतकी हसलीस की मेसमधली बाई विचारायला आली. मला आधी राग आला, मग मीपण हसली. तुझी माय विचारते काय झालं. तिला वाचून दाखवलं तर ती हसली आणि मग पदर डोळ्याला लावला. तिचं असंच आहे, दोन्ही एकदम करते.

तू लिहितेस, आजी, जे खरं असेल ते सांग, जास्त नको, कमी नको. मला ते जमेल. कुंदाबाईला जमणार नाही.

तू विचारतेस म्हशीला काय झालं. खूर दुखावला होता. आता बरी आहे, चालते. म्हैस ती, तिच्याबद्दल इतकं कशाला विचारायचं. तुझ्या कॉलेजात म्हशीचं शिकवतात का?

इकडं मी तलावाच्या पाळीवर बायांना गोळा केलं. पुष्पांजलीचे कोहळी पूर्वज तलाव खोदणारे म्हणून मी ती जागा निवडली, आणि सगळ्या कपडे धुवायला तिथंच येतात म्हणूनही. मी समजावून सांगितलं की मागच्या वेळी आपण पोरीचं स्थळ समजून बोललो, आता सिस्टरचं काम समजून बोलायचं. म्हणजे तेव्हा जे झाकलं ते उघडायचं. सगळ्यांनी माना हलवल्या. कुंदाबाईनं सगळ्यात जोरात हलवली, तिथंच मला धाक पडला. उमराव रस्त्यावरून ओरडला, "मी सुनेले लेकरासकट उभी करतो!"

घरी येऊन सांगितलं तर तुझा बाप म्हणाला, "कायले बायाइच्या नादी लागतं माय? गेली तर जाईन. दुनियेत सिस्टरा कमी आहेत का?"

मी म्हटलं, "कमीच आहेत, चुन्नी. त्याचाच तर अभ्यास चालू आहे."

तसा तो उठला आणि लंगडत कोठ्यात गेला. म्हणजे चालत गेला. लंगडणं कमी झालं आहे आता, चप्पल सैल पडली.

एक गोष्ट मला तुला सांगायची आहे पण त्यानं मला शपथ घातली आहे, तुझीच शपथ घातली, म्हणून सांगता येत नाही. तू काळजी करू नको. काळजीचं असतं तर मी शपथ मोडली असती.

आजी

गुरुवार, १६ नोव्हेंबर

रविता! आज आशीर्वाद वरती, खाली, मध्ये, सगळीकडं घे.

काल संध्याकाळी, बुधवारची खोली बंद झाल्यावर, चष्मेवाली आणि तिलक सर आले. अंगण भरून गेलं होतं. मी तिलक सरची आधी माफी मागितली. तो म्हणाला, "आजी, घरी सांगितलं तर बायको म्हणते, बरं झालं, आता इथंही विहिरीवर जा." चांगला माणूस आहे. दोन लेकरं नसती तर...असू दे.

मग मी खरं खरं सांगितलं. ती रात्री जाते, जखमा धुते, बीपी बघते आणि तंबाखूवरून माणसांवर ओरडते. दुपारी झोपत नाही. अनारसे माझे होते. एवढंच. चष्मेवाली हसून राहिली होती, मला वाटलं जमलं.

तेवढ्यात कुंदाबाई उठली. "राती घरात सापडतच नाही जी! कोणाच्याबी घरात घुसते!"

पुष्पांजलीनं डोक्याला हात लावला.

उमराव मागं कसा राहील? "माह्या सुनेजवळ तर रातभर होती! खाल्लं नाही, पिलं नाही, सून ओरडे त्याच्यापेक्षा हेच जास्त ओरडे!" सून लेकराला घेऊन उभीच होती. लेकरूही ओरडायला लागलं. तिकडून एकजण म्हणाला, बुधवारी खोलीत इतकी गर्दी का भिंतीले तडा गेला. भिंतीला तडा आधीपासून आहे, सगळ्या गावाला माहीत आहे.

चष्मेवालीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे बघा, मागच्या वेळी तुम्ही सांगितलं सिस्टर बाहेरच पडत नाहीत. आता सांगता त्या घरातच नसतात. मागच्या वेळी खोलीत कोणी येत नव्हतं. आता भिंत फुटते. मी नेमकं काय लिहू? मला वर लोक विचारतील, सिस्टरच्या हातून कोण बरं झालं, दाखवा. मी तुमची भिंत दाखवू?"

 मग तिलक सरनं मागची पानं चाळली आणि अगदी सौम्य आवाजात म्हणाला, "आणि मॅडम, एक गोष्ट आहे. इथं लिहिलंय की सिस्टर रोज सकाळी गोठ्यात जाऊन म्हशीवर उपचार करतात. हे नियमात बसत नाही. सरकारी मलमपट्टी जनावराला वापरली तर प्रकरण होईल."

"हे खरं आहे का, सिस्टर?" चष्मेवालीनं विचारलं.

पुष्पांजली उठून उभी राहिली. रविता, एका शब्दानं ती सुटली असती. तो शब्द तिला माहीत होता, मला माहीत होता, म्हशीलाही माहीत असेल. पण ती म्हणाली, "मी कोठ्यात जाते, मॅडम. कायले जाते ते मी नाही सांगणार."

"मग मला लिहावं लागेल."

"लिवा," पुष्पांजली म्हणाली. आवाज तिखटच होता.

माझ्या तोंडात आलं होतं. शपथ गेली खड्ड्यात म्हणून मी उठलीच होती. तेवढ्यात ओसरीतून तुझा बाप उतरला. हातात खुर्ची होती, ती लाकडी, तुझ्या आजोबांची, आबाजींची. खुर्ची त्यानं अंगणाच्या मधोमध ठेवली. त्याच्यावर बसला आणि उजवा पाय मॅडमच्या समोरच्या पाटावर ठेवला.

"लिवा जी. चुन्नीलाल पटले. पटल्यांची म्हैस मीच आहो."

सगळं गाव हसलं. कुंदाबाई तर खाली बसून हसली. मग हसणं हळूहळू थांबलं, कारण तो पायाची पट्टी सोडून राहिला होता.

आता तुला सांगते, शपथ त्यानंच मोडली. धानाच्या रोवणीच्या चिखलात त्याच्या पायाच्या अंगठ्याला काच लागली. साखरेचा आजार आहे हे त्याला माहीत नव्हतं, आम्हालाही नाही. अंगठा काळा पडला, वास यायला लागला. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, अंगठा काढावा लागेल. हा तिथून पळून आला आणि कोठ्यात जाऊन लपून बसला, लेकरासारखा. मला म्हटलं, रविताची शपथ आहे, कोणाला सांगशील तर. मी कोणाला सांगितलं नाही. फक्त पुष्पांजलीला म्हटलं, आमची म्हैस बघ जरा. ती कोठ्यात गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "आजी, म्हशीले कुर्ता कायले घातला?"

तेव्हापासून रोज. हे सगळं काल त्यानं स्वतः सांगितलं, मान खाली घालून. "रोज सकाळी घमेल्यात पाय धुये. मी शिव्या देवो, हे धुये. डॉक्टरजवळ मले धरून तिनंच नेलं, गोळ्या लिहून आणल्या. चहातली साखर तिनं काढली, चप्पल तिनं बदलली. अंगठा पाहा. माहा आहे, पुरा आहे."

चष्मेवाली खाली वाकून बसली, साडीचा विचार न करता. बोटानं दाबून दाबून बघितलं. नवी कातडी गुलाबी आहे, लेकराच्या टाचेसारखी.  मग विचारलं, "पण भाऊ, कोठ्यात का? बुधवारच्या खोलीत का नाही आलात?"

"लाज वाटे."

"कशाची?"

तुझा बाप खुर्चीच्या हाताला हात घासत राहिला. आबाजीही असंच करायचे. मग म्हणाला, "माही पोरगी हेच शिकाले गेली जी. मी तिले सगळ्या गावासमोर म्हटलं, दुनियेचे पाय धुवाले चालली. आता माहाच पाय धुवून राहिले, तं त्याच गावासमोरून मी त्या खोलीत कोणत्या तोंडानं जाऊ?"



तिलक सरनं विचारलं, "कोणत्या वर्षाला आहे मुलगी?"

"दुसऱ्या," तो म्हणाला. "पुढल्या साली तिसरं. मंग सिस्टर होईन."

रविता, मी त्याला हे कधी सांगितलं नाही. तुझ्या मायनंही नाही. मी पुष्पांजलीकडं बघितलं. ती डोळे पुसत हसून राहिली होती. नंतर मला म्हणाली, "आजी, पाय घमेल्यात टाकला का रोज एकच सवाल. ह्या कामाले किती सालं शिका लागते? पहिल्या साली काय शिकवते? पोट्ट्याइले तिकडं जेवण बरं भेटते का? मी म्हटलं, काका, शिकाचं आहे का तुमाले?"

चष्मेवालीनं जाताना मला सांगितलं, "आजी, एका पायावर निकाल लागत नाही. पण मी या पायापासून सुरुवात करते. पुढच्या वेळी दिवसभर खोलीत बसेन आणि स्वतः बघेन, तुमच्या गावाला काहीच विचारणार नाही." मी म्हटलं, ते बरं. कुंदाबाईला मात्र वाईट वाटलं.

तुझ्या बापानं म्हटलं, त्या दिवशी तो खोलीत पहिला नंबर लावणार. म्हणजे कोठा आता म्हशीला परत मिळाला. खऱ्या म्हशीला.

आज सकाळी मी धार काढून राहिली होती. तुझा बाप मागं येऊन उभा राहिला. माझ्याशी बोलला नाही. म्हशीच्या पाठीवर हात फिरवला आणि तिलाच म्हणाला, "काय वं, त्या कॉलेजवाल्याइले मंडईची सुट्टी राह्यते का नाही?"  म्हशीनं कान हलवला. "पोरीची माय धान कापते का तिच्यासाठी चकल्या करते, मले काही सांगत नाही कोणी," असंही म्हणाला आणि निघून गेला. लंगडला नाही.

म्हशीला तुझ्या सुट्टीचं काय माहीत असणार, म्हणून मी तुला लिहून राहिली. चकल्या तुझी माय करतेच आहे. चष्मेवाली आणि दोन लेकरांचा तिलक सर परत येतो म्हणाले ते आपल्या मंडईच्याच दिवशी, बुधवारी, एकोणतीस नोव्हेंबरला, सकाळच्या गाडीनं सौंदडला उतरून.

आजी फुलवंता